लाकडाला पर्याय मेलामाइनच्या फळीचा

मराठवाड्यातील जुन्या घराला कपाटाची फारशी गरज भासत नसे. दीड-दोन हात जाडीच्या दगडी भिंतींत देवळ्या, कोनाडे आणि लाकडी दारांची फडताळे बांधतानाच ठेवलेली असत. धान्य बळदात, कपडे संदुकीत आणि हिशेबाचे कागद खुंटीवरच्या दप्तरात राहत. घराची मोजणीसुद्धा लाकडाच्या भाषेत, म्हणजे खणांत होई. दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार हजारो लोकांच्या मृत्यूस कारण ठरला. लातूर व त्यावेळचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नव्या घरांच्या भिंती सिमेंटच्या आणि पातळ. त्यांत फडताळाला जागा नाही आणि देवळीलाही नाही. शहरांतील घरांत हा बदल आधीच झाला होता. जे पूर्वी भिंतीतच मिळे, ते आता फर्निचर म्हणून विकत घ्यावे लागते.

मागणीचे दुसरे कारण शिक्षणाचे आहे. ‘लातूर पॅटर्न’ने राज्यभर नाव मिळविल्यापासून लातुरात आणि पुढे नांदेडमध्येही अकरावी-बारावीच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी बाहेरगावचे विद्यार्थी मोठ्या संख्येने येऊन राहतात. त्यांच्यासाठी वसतिगृहे व अभ्यासिका निघाल्या. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मेज, एक पुस्तकांची मांडणी आणि कुलूप लागणारे एक कपाट, असा हिशेब धरला तरी लागणारे लाकूड थोडे नव्हे.

हे लाकूड आता येणार कोठून? नांदेड जिल्ह्याच्या किनवट-माहूर भागातील साग पूर्वीपासून नावाजलेला आहे. पण जंगलाला मर्यादा आहे. लातूर तर राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक होय. बांधावरच्या बाभळी आणि लिंब औताला व गाडीला पुरत असत; कपाटाच्या रुंद फळ्या त्यांतून निघणे कठीण. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानेही लाकडाला पर्याय शोधण्यावर भर दिला. अशा स्थितीत जी वस्तू बाजारात सर्वाधिक खपू लागली ती म्हणजे दोन्ही अंगांना मेलामाइनचा थर चढविलेली भुशाची फळी. दुकानदार तिला ‘प्रीलॅम’ म्हणतात, तर जुने सुतार काहीशा नाखुशीने ‘भुशाचा बोर्ड’ म्हणतात. शाळा, ग्रामपंचायत कार्यालये आणि वाचनालये यांच्या खरेदीतही ती आता नित्याची झाली आहे. तिचे गुण डोळ्यांना लगेच दिसतात. दोष मात्र बहुधा पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यानंतर कळतात आणि तोवर देयक अदा झालेले असते.

फळी तयार होते कशी

लाकडाचे तुकडे, ढलप्या किंवा उसाचे चिपाड यांचे बारीक कण करून ते सुकवितात, त्यांत कृत्रिम राळ मिसळतात आणि तापलेल्या दाबयंत्रात त्यांची सपाट फळी दाबून काढतात. ही झाली पार्टिकल बोर्डाची फळी. जर्मनीत माक्स हिमेलहेबर यांनी १९३२ साली या कल्पनेचे पेटंट घेतले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाकडाच्या टंचाईमुळे तिला कारखान्याचे रूप आले. आपल्याकडे हैदराबादजवळ पाटनचेरू येथे ‘नोव्होपान’चा कारखाना निघाला आणि ते नाव इतके रूढ झाले की, कोणत्याही कारखान्याच्या फळीला कित्येक सुतार नोव्होपानच म्हणत.

साध्या फळीचे पृष्ठ खरखरीत असते व ते पाणी शोषते. म्हणून नक्षी छापलेला किंवा एकरंगी कागद मेलामाइन-फॉर्माल्डिहाइडच्या राळेत भिजवून वाळवितात. तो फळीच्या दोन्ही अंगांना लावून सुमारे १७० ते १९० अंश सेल्सिअस उष्णतेत दाबला, की राळ वितळून पसरते आणि मिनिटाच्या आत कायमची कठीण होते. मेलामाइन हे रसायन लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाने १८३४ साली तयार केले होते. त्याचा असा उपयोग व्हायला पुढे शंभर वर्षे लागली. एकदा कठीण झालेली ही राळ पुन्हा उष्णतेने वितळत नाही. त्यामुळे तिच्यावर चहाचा वा शाईचा डाग टिकत नाही, पॉलिश लागत नाही आणि ओल्या फडक्याने ती स्वच्छ होते. घरोघरी ‘सनमायका’ म्हणून ओळखला जाणारा पत्रा याच कुळातील. पण तो अनेक कागदांचा, जाड असतो आणि प्लायवूडवर सरसाने चिकटवावा लागतो. प्रीलॅममध्ये कागद एकच असतो व तो फळीशी कारखान्यातच एकजीव होतो. स्वस्ताईचे मुख्य कारण हेच आहे. हा थर पातळ असतो, ही गोष्टही याच ठिकाणी लक्षात ठेवावी.

थर दोन्ही अंगांना असण्यामागे कारण आहे. एकाच अंगाला थर असेल तर उघडे अंग हवेतील दमट-कोरडेपणाप्रमाणे फुगते व आकसते, झाकलेले अंग स्थिर राहते आणि फळी धनुष्यासारखी वाकते. मराठवाड्यात मे महिन्याची कोरडी होरपळ आणि जुलै-ऑगस्टची दमट हवा यांत फार अंतर असते. एका अंगाने कोरी फळी ‘मागची बाजू दिसत नाही’ म्हणून स्वस्तात मिळत असली, तरी ती कपाटाच्या दारासाठी घेऊ नये.

कड हाच कच्चा दुवा

मेलामाइनचा थर फळीच्या दोन पृष्ठांचे रक्षण करतो. चार कडांचे नाही. करवतीने फळी कापली की आतील भुसा उघडा पडतो. पाणी तेथून आत शिरते, दाबलेले कण फुगतात आणि फळीची कड जाड होऊन वर उचलली जाते. वरचा कागद मग तडकतो. फुगलेली फळी वाळल्यावर पूर्ववत होत नाही. सागाची फळी भिजली, वाकली, तरी रंधा मारून पुन्हा कामाला येते. येथे रंधा मारण्यासारखे काही उरत नाही.

पाणी म्हणजे केवळ गळके छप्पर नव्हे. शाळेतील फरशी स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी बादल्या ओतून धुतली जाते, तीही भर पावसाळ्यात. कपाटाचा तळ फरशीला टेकलेला असेल, तर त्या एका धुण्यात त्याची खालची कड तासन्‌तास ओलीत राहते. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जेथे पाणी भरून ठेवणे ही जीवनाची रीत आहे, तेथे खोलीत पिंप, घागरी आणि रांजण असणारच आणि त्यांच्याभोवतीची फरशी ओली राहणारच. टंचाईच्या जिल्ह्यात फर्निचर पाण्याने खराब व्हावे, हे ऐकायला विचित्र वाटते; वसतिगृहाच्या खोलीत पिंपाशेजारचे कपाट पाहिले म्हणजे त्याचा उलगडा होतो.

यावर उपाय अवघड नाहीत. मात्र ते खरेदीपूर्वी लेखी मागावे लागतात. प्रत्येक कापलेल्या कडेला, म्हणजे दिसणाऱ्या चार कडांनाच नव्हे तर मागच्या, खालच्या आणि आतल्या कडांनाही, पीव्हीसीची पट्टी गरम सरसाने यंत्रावर बसविलेली असावी. बिजागरीसाठी, कुलपासाठी किंवा वायरीसाठी पाडलेल्या भोकांच्या कडा वार्निशाने अथवा सरसाने बंद कराव्यात. कपाट आणि मेज फरशीपासून किमान तीन-चार बोटे उंच, लोखंडी किंवा प्लॅस्टिकच्या पायांवर उभे असावे. वाळवीच्या दृष्टीनेही ही उंची उपयोगी पडते. कारण वाळवीला मेलामाइन नको असले तरी आतला भुसा चालतो. पाठ भिंतीला चिकटवू नये. दोन बोटे फट ठेवली, तर भिंतीची ओल लागत नाही आणि वाळवीची मातकट नळी वेळीच दिसते.

शिक्षकांना एक प्रयोग सुचविण्यासारखा आहे. पुरवठादाराकडून फळीचे हाताच्या तळव्याएवढे दोन तुकडे मागून घ्यावेत. एकाच्या चारही कडा पट्टीने बंद असाव्यात, दुसऱ्याच्या उघड्या. प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपरने कडेजवळची जाडी मोजावी, तुकडे रात्रभर पाण्यात ठेवावेत आणि सकाळी पुन्हा मोजावी. दोन-तीन पुरवठादारांचे नमुने अशा रीतीने शेजारी ठेवले, तर कोणती फळी किती फुगते हे दरपत्रकापेक्षा स्पष्ट कळते. विद्यार्थ्यांचा मोजमापाचा एक तासही सत्कारणी लागतो.

बाकांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. बाकावर कंपासाच्या टोकाने नाव कोरणे ही विद्यार्थिदशेतील फार जुनी कला. सागाच्या बाकावर कोरलेले नाव नुसते नाव राहते. प्रीलॅमवर तेच पाण्याची वाट होते. म्हणून लहान वर्गांच्या बाकांसाठी ही फळी सुचविताना विचार करावा. शिक्षकांचे मेज, कपाट, पुस्तकांची मांडणी, सूचनाफलक यांसाठी ती योग्य आहे.

फळीची लांबी आणि ओझे

कार्यालयात वा वाचनालयात मधोमध वाकलेल्या फळ्या सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यात फळीपेक्षा मोजमाप ठरविणाराचा दोष अधिक असतो. सारखे ओझे पसरलेल्या फळीचा बाक तिच्या दोन टेकूंमधील अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. अंतर ६० सेंटिमीटरचे ९० केले, म्हणजे दीडपट केले, तर बाक दीडपट नव्हे, सुमारे पाचपट होतो. १२० केले तर सोळापट. भुशाच्या फळीत तंतू एकसंध नसल्याने ओझे कायम राहिले की बाक महिनोन्‌महिने हळूहळू वाढतही राहतो. फायली किंवा ग्रंथ ओळीने उभे केले तर मीटरभर लांबीच्या फळीवर सहज २५-३० किलो वजन येते. यास्तव १८ मिलिमीटर जाडीची फळी दप्तरासाठी वापरताना टेकूंमधील अंतर ६० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावे. ते वाढविणे अपरिहार्य असेल तर पुढच्या कडेला खालून लाकडी वा लोखंडी पट्टी द्यावी अथवा जाडी वाढवावी. १८ ऐवजी २५ मिलिमीटर घेतल्यास कडकपणा अडीच पटींहून अधिक होतो, कारण तो जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो.

आठ बाय चार फुटांच्या १८ मिलिमीटर जाडीच्या एका पूर्ण फळीचे वजन साधारणतः ३५ किलोच्या घरात भरते. भरलेले कपाट ओढत नेण्याची सवय कार्यालयांतून असते. त्यात सांध्यांतील स्क्रू भुशातून उपटून येतात. कपाट हलवायचे तर रिकामे करून, उचलून हलवावे.

वास कशाचा येतो?

नवे कपाट उघडताच डोळ्यांना झोंबणारा वास येतो, तो बहुतांशी फॉर्माल्डिहाइडचा. कण एकत्र धरणाऱ्या स्वस्त राळेत, विशेषतः युरिया-फॉर्माल्डिहाइडमध्ये, या वायूचा अंश उरतो आणि तो पुढे दीर्घकाळ हळूहळू बाहेर पडतो. डोळे, नाक व घसा यांना त्याचा त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली या वायूची गणना मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली. युरोपात फळ्यांची वर्गवारी त्यांतून सुटणाऱ्या या वायूवरून करतात. ‘ई-१’ ही खूण असलेल्या फळीत त्याचे प्रमाण १०० ग्रॅम फळीमागे ८ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसते.

मेलामाइनचा अखंड थर या वायूलाही अडवितो. तो सुटतो उघड्या कडांतून आणि भोकांतून. पाण्यापासून बचावासाठी सांगितलेली कडपट्टी येथेही तेवढीच कामाची आहे. वसतिगृहातील लहानशा खोलीत दोन-तीन मेजे आणि तितकीच कपाटे बसवून, उन्हाळ्यात कूलरसाठी खिडक्या बंद करून मुले दहा-बारा तास अभ्यास करतात, हे चित्र या दोन शहरांत नवे नाही. उष्णता वाढली की वायू सुटण्याचे प्रमाणही वाढते. नवे फर्निचर शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या आदल्या दिवशी बसवू नये. काही आठवडे आधी आणून दारे-खिडक्या उघड्या ठेवून हवेशीर होऊ द्यावे.

चिपाड आणि पऱ्हाटी

उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के इतके चिपाड गाळपानंतर उरते. त्यात निम्मे पाणी असते. अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात १९२० नंतरच्या दशकात त्याच्यापासून फळ्या निघू लागल्या. महाराष्ट्रातही १९९० नंतरच्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर येथे चिपाडाच्या फळ्यांचा कारखाना उभा राहिला. लातूरजवळील मांजरा किंवा नांदेड जिल्ह्याच्या अर्धापूर तालुक्यातील भाऊराव चव्हाण यांसारख्या सहकारी साखर कारखान्यांचा विचार केला, तर कच्चा माल दाराशी आहे असे वाटते. ते अंशतःच खरे आहे. चिपाड हे कारखान्याचे इंधनही असते आणि सहवीजनिर्मिती सुरू झाल्यापासून उरलेल्या चिपाडाची वीज करून विकता येते. फळीसाठी चिपाडातील मऊ गर आधी वेगळा करावा लागतो, कारण तो राळ आणि पाणी दोन्ही भरमसाट शोषतो. हंगाम काही महिन्यांचा असल्याने वर्षभराचा साठाही करावा लागतो. तो आंबण्यापासून आणि आगीपासून जपणे खर्चाचे काम आहे.

पऱ्हाटीची गोष्ट निराळी. नांदेड हा कापसाचा जिल्हा. ‘एनएचएच-४४’ हा प्रसिद्ध संकरित वाण नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्रातला. वेचणी संपल्यावर शेतात उभी राहणारी पऱ्हाटी बहुधा चुलीत जाते किंवा बांधावर पेटविली जाते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तिच्यापासून फळ्या तयार करण्याचे तंत्र विकसित केले आणि नागपूर येथील आपल्या केंद्रात त्याचे प्रात्यक्षिकही उभारले. तांत्रिक अडचण त्यात फारशी नाही. अडचण आहे ती हलकी, पसरट, काटक्यांची ओझी गावोगावहून गोळा करण्याची आणि वाहतुकीची. एखाद्या शेतकरी कंपनीने पऱ्हाटी शेतातच बारीक करून देण्याची व्यवस्था केली तर हिशेब बदलू शकतो. ग्रामपंचायत सदस्यांनी या गोष्टीकडे लक्ष द्यावे, इतकी ती महत्त्वाची आहे.

सुताराचे काम

एका लाकडाला खाच पाडून दुसऱ्याचे टोक तीत घट्ट बसविणे ही सुताराची पिढीजात विद्या. भुशाच्या फळीत ती चालत नाही. खाचेची भिंत ठिसूळपणे तुटते. खिळा ठोकला तर फळी फुटते आणि एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा पकड घेत नाही. येथे आधी योग्य मापाचे भोक पाडून जाड पेऱ्यांचे स्क्रू किंवा मिनिफिक्ससारखे जोड वापरावे लागतात. साध्या करवतीने कापल्यास मेलामाइनच्या कपच्या उडतात. त्यासाठी बारीक दातांचे गोल पाते हवे. कौशल्य कमी लागते असे नव्हे, ते निराळे लागते. ते न शिकता केलेल्या कामामुळे फळीची आणि सुताराची, दोघांचीही अपकीर्ती होते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षणकाळात प्रतिदिन ५०० रुपये विद्यावेतन व अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य अशी तिची तरतूद असून, अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत स्तरावर होते. एवढ्या रकमेत कडपट्टीचे मोठे यंत्र येणार नाही. हाती धरायचा राउटर आणि चांगले पाते मात्र येईल, आणि गावातल्या सुताराला शाळेचे काम नीट करून देण्यास सुरुवातीला तेवढे पुरेसे आहे.

खरेदीचा कागद

‘प्रीलॅम बोर्डाचे कपाट, आकर्षक रंग’ एवढेच लिहून मागविलेल्या दरपत्रकांत सर्वांत कमी दर कोणाचा असणार हे सांगावयास नको. मागणीपत्रात भारतीय मानक क्रमांक लिहावा. मेलामाइन चढविलेल्या पार्टिकल बोर्डासाठी तो आयएस १२८२३ आहे. त्यात फळीच्या दोन प्रती आहेत आणि ओलीच्या जागी पहिली प्रत मागावी. जाडी, दोन्ही अंगांना थर, सर्व कडांना पट्टी, पायांची उंची आणि टेकूंमधील अंतर यांचाही स्वतंत्र उल्लेख असावा. माल ताब्यात घेताना मानकचिन्ह फळीवरच पाहावे, पुस्तिकेत नव्हे. कपाट आडवे करून त्याचा तळ आणि पाठ तपासावी. पट्टी वाचविलेली असते ती तेथेच. स्वयंपाकाच्या ओट्याखाली किंवा नळाजवळ मात्र पहिल्या प्रतीची फळीही सुचवू नये. तेथे आयएस ७१० चे प्लायवूड किंवा सरळ लोखंडी कपाट घ्यावे.

निकामी झालेले फर्निचर जडवस्तू संग्रह नोंदवहीतून रीतसर निर्लेखित झाल्यावर त्याच्या फळ्यांचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. शाळेच्या आवारात पडलेली फुगीर फळी सरपण म्हणून पोषण आहाराच्या चुलीत जाण्याचा संभव असतो. तिच्यातील राळ व मेलामाइन जळताना निघणारा धूर विषारी असतो आणि तो प्रथम स्वयंपाक करणाऱ्या महिलेच्या नाकात जातो. निर्लेखनाच्या ठरावातच ‘फळ्या जाळू नयेत’ अशी अट घालून त्या भंगार खरेदीदाराकडे द्याव्यात, अथवा शाबूत भाग कापून, कडा पुन्हा बंद करून, त्यांची लहान मांडणी करून घ्यावी.